घरच्या पैशाचा दर

"घरच्या पैशाला कसला दर गं?" असं अण्णा म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ रघूत्तम. मैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत आमचा हप्पळ-मसाल्यांचा कारखाना आहे, त्याचा मॅनेजिंग डायरेक्टर. हप्पळ म्हणजे पापड. आमच्या पाच पिढ्या मैसुरात गेल्या. घरात मराठी बोलतो असं आम्ही म्हणतो खरं, पण पापडाला पापड म्हणणारं माणूस आमच्यात शोधून सापडायचं नाही. आजोबांनी मंडी मोहल्ल्यातल्या एका गाळ्यात साराचा मसाला विकायला सुरुवात केली. अप्पांनी त्याची कंपनी केली. आणि आता अण्णाला त्या कंपनीच्या पैशातून मडिकेरीच्या रस्त्यावर, बैलकुप्प्याच्या अलीकडे, हॉटेल बांधायचं होतं. तिबेटी मंदिर बघायला आणि कोडगूला जायला गाड्यांची रीघ लागते, त्या सगळ्या आपल्या दारात थांबणार, असा त्याचा हिशोब.

हॉटेलला आठ कोटी लागणार होते. चार कोटी ऐंशी लाख बँकेचं कर्ज, आणि उरलेले तीन कोटी वीस लाख कंपनीत साठलेला आमचा स्वतःचा पैसा. या सगळ्या भांडवलाचा तुम्हाला सरासरी खर्च किती टक्के पडतो, ते कागदावर दाखवा, असं बँकेनं सांगितलं होतं. हे माझं रोजचं काम आहे. अकरा वर्षं बेंगळुरात मी मोठ्या कंपन्यांना हेच काढून देत होते, आणि बोगादीला घर घेतल्यापासून तेच घरी बसून करते. पण अण्णाला बहिणीची आठवण झाली ती सगळा तक्ता स्वतः भरून झाल्यावर.

"सुम्ने, उगाच एकदा नजर टाक," तो म्हणाला. "बरोबरच आहे ते."

तक्त्यात दोनच ओळी होत्या. पहिली बँकेची. कर्जाचा वाटा साठ टक्के, व्याज दहा, त्यामुळे कर वाचतो तो वजा जाता साडेसात. दुसरी आमची. स्वतःच्या पैशाचा वाटा चाळीस टक्के, आणि खर्चाच्या चौकटीत अण्णानं शून्य लिहिलं होतं. सरासरी आली साडेचार टक्के. हॉटेलातून मिळणार होते वर्षाला नऊ.

"डबल!" अण्णानं टेबलावर थाप मारली. "साडेचारला घेतो, नऊला लावतो. अजून काय पाहिजे?"

"हे शून्य कसं आलं?"

तेव्हा त्यानं ते वाक्य टाकलं. घरच्या पैशाला कसला दर.

आमच्यात ही रीतच आहे. मुंजीला, बाळंतपणाला, घराचं छत घालायला एकमेकांना पैसे दिले जातात, पण दर कुणी तोंडातून काढत नाही. दर विचारला तर नातं तुटलं म्हणून समजा. रीत म्हणून वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांत मी हेही बघितलं आहे की या रितीत देणारी माणसं कायम तीच असतात आणि घेणारीही तीच. अण्णा घेणाऱ्यांतला.

"अण्णा, हा पैसा तुझ्या एकट्याचा आहे?"

"कंपनीचा आहे."

"कंपनी म्हणजे कोण? बासष्ट टक्के तू. सोळा मी. बाकीचे बावीस?"

"अत्त्या," तो म्हणाला. "मत्ते, मग अत्त्याला काय आपण व्याज द्यायचं? वेडी आहेस काय?"

आमची कांचन अत्त्या, म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. लग्न झालं नाही. कारखान्याची भट्टी तिनं सदतीस वर्षं सांभाळली. धणे किती भाजले म्हणजे पुरे, हे ती वासावरून सांगते. दोन लाखांचं यंत्र आणलं तरी ते अजून तिच्या नाकाला विचारूनच बंद करतात. अप्पांनी कंपनी रजिस्टर केली तेव्हा, घरातल्या घरात पगार कशाला, शेअर घे, असं म्हणून तिच्या नावावर बावीस टक्के लिहिले. मग वरखर्चाला म्हणून महिन्याला काहीतरी हातावर ठेवत गेले. अप्पा वारल्यावर अण्णानं तेच पुढं चालू ठेवलं. तीन कोटी वीस लाखांचे बावीस टक्के म्हणजे सत्तर लाख. एवढ्या पैशाची मालकीण असलेली बाई त्रेसष्टाव्या वर्षी रोज सकाळी साडेसातला कंपनीच्या व्हॅनमध्ये कामगारांबरोबर बसून हेब्बाळला येते.

मी तक्ता उचलला आणि तशीच भट्टीकडे गेले. अत्त्या मिरचीच्या ढिगाशेजारी नाकाला पदर लावून उभी होती.

"अत्त्या, एक सांग. कंपनीत तुझे सत्तर लाख आहेत. ते इथं अडकले नसते तर तू त्यांचं काय केलं असतंस?"

पैशाची किंमत काढायची ती इथूनच. दुसरीकडे लावला असता तर काय मिळालं असतं, आणि ते न मिळण्याचं दुःख किती, एवढाच तो प्रश्न आहे. बाकी सगळी सूत्रं त्याच्यावर चढवलेला साज. बेंगळुरातल्या बोर्डांपुढे मी हे शंभरदा सांगितलं असेल. ज्याचा पैसा त्यालाच जाऊन विचारण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

अत्त्यानं पदर खाली घेतला. "घर घेतलं असतं. घेतलंच आहे म्हण. एक लाख देऊन आले."

"कुठं?"

"बोगादीत. तुझ्या घराच्या मागं दोन रस्ते. दोनच खोल्या, पंचावन्न लाख." मग तिनं आवाज खाली आणला. "रघूला सांगितलं, माझे थोडे शेअर तू घे, मला चोपन्न दे. तो म्हणतो, हॉटेल होऊ दे, मग बघू. घरमालक म्हणतो, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. यन माडोदु?"

काय करायचं, असं ती मला विचारत होती, आणि माझ्या डोक्यात तिची खोली आली. सरस्वतीपुरमला अण्णाच्या घरात स्वयंपाकघराच्या मागं ती राहते. त्या खोलीत मसाल्याच्या नमुन्यांचे खोके आहेत आणि घरातला मोठा फ्रीजरही तिथंच आहे. फ्रीजर आल्यापासून दार पुरतं लागत नाही. पहाटे दुधाची पिशवी काढायला वहिनी येते, दुपारी बर्फ काढायला मुलं येतात. अत्त्या कूस बदलते आणि झोपायचा प्रयत्न करते. मी हे दर सणाला बघत आले, आणि दर सणाला पान खाऊन घरी परतले.

"अण्णाचं हॉटेल झालं तर हा पैसा आठ-दहा वर्षं बाहेर येणार नाही, अत्त्या."

"तेवढं कळतं मला," ती म्हणाली. "मी मसाला भाजते म्हणून डोकं पण भाजलं नाही."

कंपनीच्या कागदपत्रांत धंदा म्हणून मसाले आणि हप्पळ लिहिलेलं होतं. हॉटेल काढायचं तर ते बदलायला हवं, आणि त्यासाठी सभेत शंभरातली पंचाहत्तर मतं लागतात. अण्णाकडे बासष्ट टक्के. आम्हा दोघींपैकी एकीनं जरी हात वर केला तरी त्याचं काम होणार होतं. दोघींनी नाही म्हटलं तरच अडणार होतं. मी अत्त्याला हे सांगितलं. तिनं फक्त मान हलवली आणि मिरचीच्या ढिगात हात घालून देठ तपासायला लागली.

घरी येऊन मी खरा तक्ता केला. सरकारी रोख्यांत डोळे मिटून पैसे ठेवले तरी सात टक्के मिळतात. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा माणूस जोखीम घेतो म्हणून बारा-तेराची अपेक्षा धरतो. रस्त्यावरचं हॉटेल त्याहून लहरी. पावसाळ्यात कोडगूचा घाट बंद झाला की खुर्च्या मोजत बसायचं. त्यात साठ टक्के कर्ज, म्हणजे कमाईतला पहिला घास बँकेचा. आणि अत्त्याचे शेअर बाजारात विकता येत नाहीत, अण्णाच्या मर्जीवर विकले तर विकले. हे सगळं धरून मी अठरा टक्के लावले. सरासरी आली अकरा पूर्णांक सात. हॉटेल देणार नऊ. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे हॉटेल अत्त्याच्या ताटातलं खाऊन उभं राहणार होतं.

तक्ता पाठवला. अण्णाचा फोन आला नाही. चार दिवसांनी बेंगळुरातल्या श्रीहर्ष नावाच्या सल्लागाराचा सदुसष्ट पानांचा अहवाल आला. अण्णानं बहिणीचं फुकट मिळणारं काम सोडून दीड लाख देऊन ते करून घेतलं होतं. मी शेवटचं पान आधी उघडलं. स्वतःच्या पैशाचा खर्च: अकरा टक्के. सरासरी: आठ पूर्णांक नऊ.

मी हसले, आणि मग इतकी संतापले की कॉफीचा पेला बशीवर आपटला. नऊच्या खाली बसवायला किती टक्के चालतील, ते आधी काढलं होतं आणि मग त्याच्यामागं सहासष्ट पानं जोडली होती. बरं, बँकेला दहा आणि अत्त्याला अकरा! बँकेकडे कारखान्याची जमीन तारण, दर महिन्याला हप्ता, चुकला तर वकील. अत्त्याकडे काय? खोलीत फ्रीजर. बँकेपेक्षा अत्त्याची जोखीम एका टक्क्यानं जास्त, हे त्या माणसानं कुठल्या तोंडानं लिहिलं असेल? ज्या कंपन्यांशी तुलना केली होती त्या सगळ्या देशभर हॉटेलं असलेल्या. रस्त्याकडेच्या इडली-वड्याला त्यांच्या रांगेत बसवलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता कारखान्याच्या ऑफिसात सभा होती. अत्त्या भट्टीवरून सरळ आली, साडीला मिरचीचा वास, हात धुतलेले. श्रीहर्षनं पडद्यावर हॉटेलचं चित्र लावलं होतं, त्यात सगळी गिऱ्हाइकं हसत होती. तो कन्नडात बोलत होता. गोड बोलतो माणूस.

त्याचं झाल्यावर मी उठले.

"हे अकरा टक्के कुणाला विचारून घातले?"

"मॅडम, मॉडेलमधून येतात."

"मॉडेल राहू दे. यातला बावीस टक्के पैसा ज्यांचा आहे त्या इथं बसल्या आहेत. त्यांना विचारलं?"

श्रीहर्षनं अत्त्याकडे पाहिलं. या बाई चहा घेऊन आल्या आहेत असं त्याला तोवर वाटलं असावं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"तुंगा, साकु," अण्णा म्हणाला. "पुरे झालं. घरातलं घरात ठेव."

"घरातलं घरातच ठेवलं म्हणून तर ही वेळ आली!" माझा आवाज चढला होता आणि मला तो चढू द्यायचा होता. "सदतीस वर्षं या बाईनं भट्टीपुढं काढली. पगार मागितला तर शेअर दिले. शेअरवर कधी काही दिलं का? तू दिलंस? अप्पांनी दिलं? मी ताळेबंद काढून बघितलेत, अण्णा. एक पैसा डिव्हिडंड नाही! बँकेनं वाटेल ते मागावं आणि तू द्यावंस, आणि हिनं एक खोली मागितली तर हॉटेल होऊ दे! फुकटात वापरलंत तुम्ही हिला. सगळ्यांनी मिळून फुकटात वापरलंत."

मला बरं वाटलं. कुणाच्या तरी वतीनं भांडताना माणसाला किती बरं वाटतं, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं.

"मिळालं की," अत्त्या म्हणाली.

"काय मिळालं?"

"डिव्हिडंड. एकदा मिळालं. तू किती वर्षांचं बघितलंस?"

मी दहा वर्षांचं बघितलं होतं. त्याआधीचं चाळायची गरज वाटली नव्हती.

"पंधरा वर्षं झाली," अत्त्या म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझ्या वाट्याला आठ लाख आले. तुझे अप्पा चेक घेऊन भट्टीपाशी आले. म्हणाले, कांचन, तुंगाला बेंगळुरात एमबीएला सीट मिळाली आहे, फी आठ लाख. मी म्हटलं, आय्तु, चालेल. मागं सही करून दिली. चेक माझ्या हातात पाच मिनिटंसुद्धा नव्हता."

मला वाटत होतं फी अप्पांनी भरली. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर तसंच सांगितलं असतं. मी अण्णाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"तू कधी विचारलं नाहीस. पैसे कुठून आले म्हणून विचारायचं असतं, अल्ला, नाही का? तू तर तेच शिकायला गेली होतीस."

अण्णाला तेवढ्यात उभारी आली. "बघ! हेच तर म्हणतोय मी! अत्त्यानं कधी तोंडातून शब्द काढला का? याला घरचा पैसा म्हणतात, तुंगा. तुझी फी झाली, आता हॉटेल होईल, उद्या आणखी कुणाचं—"

"रघू," अत्त्या म्हणाली. "माझं मत तू अजून विचारलं नाहीस. बेड, नको मला हॉटेल."

अण्णाची नजर माझ्याकडे आली, आणि ती नजर मला अजून आठवते. बाई, आता तू तरी हो म्हण, तुझंही बिंग फुटलंय, असं तो मला डोळ्यांनी सांगत होता. मी तोंडानं नाही म्हणाले. श्रीहर्षनं लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं आणि आपण कधी निघावं याचा अंदाज घ्यायला लागला.

अत्त्या मात्र उठली नाही. "तीन कोटी वीस आहेत ना? आत्ताच पडद्यावर दाखवलेस. त्यातून माझे थोडे शेअर विकत घे. चोपन्न लाख, महिनाअखेरीस."

"अत्त्या, एकदम कुठून आणू? खेळतं भांडवल—"

"आठ कोटींचं हॉटेल एकदमच बांधणार होतास."

अर्धा तास ओढाताण झाली. शेवटी अण्णानं महिनाअखेरीस तीस लाख आणि बाकीचे तीन वर्षांत असं लिहून दिलं. सही करताना त्यानं पेन कागदावर इतकं दाबलं की खालच्या पानावर उमटलं. माझ्याकडे न बघता तो बाहेर गेला. अजून माझ्याशी बोलत नाही.

मी अत्त्याच्या मागं भट्टीकडे चालत गेले. तिनं माझी बाजू घ्यायला हवी होती असं मला वाटत होतं. तिच्यासाठी मी भांडले, भावाशी वाकडं घेतलं, आणि तिनं परक्या माणसापुढं मला उघडं पाडलं. मला राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, अण्णापेक्षा तिचाच जास्त आला होता.

"तिथंच सांगायची काय गरज होती?" मी म्हणाले.

"तू तिथंच विचारलंस म्हणून." ती थांबली. "रघूचं झालं. आता तुझं. ते आठ लाख मला पाहिजेत."

"देते की. आजच देते."

"आठच?" अत्त्या म्हणाली. "दर तू काढ. तुला येतं ते." आणि आत गेली.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. आठ लाख, पंधरा वर्षं, अठरा टक्के. मी स्वतःच काढलेला दर. एंटर दाबलं. पंच्याण्णव लाख एकोणऐंशी हजार.

मी तो आकडा दोनदा वाचला. माझा नवरा कॉफी घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. सगळं त्याला जेवतानाच सांगितलं होतं.

"अठरा कशाला धरतेस?" तो म्हणाला. "शिक्षणासाठी दिलेले. शिक्षणाच्या कर्जाला काय असतं, आठ-नऊ? आणि घरातलीच तर आहे अत्त्या."

"गप्प बस तू!" मी ओरडले. "तुला काय कळतं यातलं?"

तो बिचारा कॉफी ठेवून निघून गेला. त्याचं चुकलं नव्हतं. तो बोलायच्या आधीच मी एक नवी चौकट उघडून त्यात आठ घालून बघितले होते. पंचवीस लाख येत होते. पंचवीस आम्हाला झेपण्यासारखे होते. त्याच्याही आधी मी अकरा घातले होते, सल्लागाराचे अकरा, ज्यांच्यावरून मी पेला आपटला होता. अडतीस लाख आले होते. मग मी स्वतःशी युक्तिवाद करायला लागले. फी देणं म्हणजे हॉटेल नव्हे. नोकरी तर हमखास लागणार होती, मग जोखीम कसली? असं म्हणत म्हणत मी सरकारी रोख्यांच्या सातापर्यंत खाली आले होते. लोकांचे दर काढताना माझी इतकी बुद्धी कधी चालली नव्हती. माझी मलाच किळस आली.

जोखीम कसली म्हणे! मी नापास झाले असते तर अत्त्याला कुणी काय दिलं असतं? लग्न करून अमेरिकेला गेले असते तर? अण्णाच्या हॉटेलला निदान आठ कोटींची इमारत तरी उभी राहिली असती. माझ्यामागं तारण काहीच नव्हतं. माझ्या धंद्याच्या नियमानं बघायचं तर अठरासुद्धा कमीच होते. ते आठ लाख पंधरा वर्षांपूर्वी अत्त्याच्या हातात राहिले असते तर बोगादीत तेव्हा तेवढ्यात जागा मिळत होती, आणि तिनं पंधरा वर्षं स्वतःचं दार लावून झोप घेतली असती. ते कुठल्या चौकटीत घालायचं, ते मला कळेना.

मी बाकीच्या चौकटी पुसल्या. अठराची राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेब्बाळला गेले. भट्टी नुकतीच तापत होती. अत्त्या स्टुलावर बसून धण्यांतले खडे निवडत होती. मी तक्ता तिच्यापुढं धरला.

"पंच्याण्णव लाख एकोणऐंशी हजार," मी म्हणाले. "अठरानं."

तिनं कागद घेतला, लांब धरून आकडा वाचला. आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

"आत्ता किती आहेत?"

"एकवीस लाख. सगळ्या ठेवी मोडून. बाकीचे नाहीत, अत्त्या. घराचे हप्ते चालू आहेत."

ती बोटांवर मोजायला लागली. "तीस रघूचे. एकवीस तुझे. तीन माझ्याकडं आहेत. चोपन्न झाले." तिनं कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. "महिनाअखेरच्या सोमवारी दहाला रजिस्ट्रेशन आहे. चेक आधी आण, मागं सही-बिही काही करायची नाही. माझ्या नावाचाच आण."

"आणते."

तिचं पुन्हा खडे निवडणं सुरू झालं. मी उभीच होते. ती आता काहीतरी म्हणेल, असं मला वाटत होतं. काय म्हणेल, तेही ठाऊक होतं. असू दे गं, घर तर झालं, तू माझ्या मुलीसारखी, बाकीचं विसर. आमच्या घरातल्या बायका अशा वेळी हेच म्हणतात. ती तसं म्हणेल याची मी वाट बघत होते, आणि वाट बघते आहे याची लाज वाटत असूनही तिथून हलत नव्हते.

"बाकीचे पाऊणशे लाख?" शेवटी मीच विचारलं.

"चालू राहू देत की."

"अठरानं?"

अत्त्यानं मान वर केली.

"मत्ते?" ती म्हणाली. "घरातली आहेस म्हणून सोडू?"